आठवीच्या वर्गावर जाण्याआधी

अगं, कोरोनामुळे बंद असलेले वर्ग सोमवारी ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा भरतील, पण लगेच बीजगणित काढू नकोस. ही पोरं २०२० मध्ये टाळेबंदीमुळे सहावीची वार्षिक परीक्षा न देताच वर आलीत.

एप्रिलमधल्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपुरातली किती घरं हादरली, तुला ठाऊक आहे. म्हणून भर वर्गात ‘वडील काय करतात?’ विचारायचं नाही. मुख्याध्यापकांकडून आधीच माहिती घे. पोट दुखतं म्हणणाऱ्याला नाटकी ठरवू नकोस. घरी आजीला आजार नेऊ, ही धास्ती बऱ्याचदा पोटातूनच बोलते. मोबाइलअभावी मागे पडलेल्याला मोठ्यानं वाचायला उभं करू नकोस, मधल्या सुट्टीत त्याची वही बघ.

मास्कचं ती सहज पाळतील. डबा वाटून खायचा नाही, हे मात्र जड जाईल (सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची वडी, आली तर तुलाही!). तेव्हा रागावण्याऐवजी गप्पा काढ.