जमीन बांधाला लागून आहे म्हणून घाई नको

प्रश्न : माझं वय ३४, गाव माजलगावजवळ. चार वर्षांपासून दुबईत एसी टेक्निशियन आहे. मूळ पगार ३,५०० दिरहम, महिन्याला ६० हजार रुपये शिल्लक पडतात. एनआरई खात्यात (परदेशात राहणाऱ्या भारतीयाचं इथलं बँक खातं) २२ लाखांची एफडी आहे. पुढच्या जूनमध्ये कायमचं परत यायचं ठरवलंय, कारण मुलगा पहिलीत जाईल. कंपनी म्हणते आणखी दोन वर्षं थांब. गावाकडं आमच्या बांधाला लागून तीन एकर विकायला निघालेत. भाऊ म्हणतो, पैसे पाठव, माझ्या नावानं घेऊन ठेवू. काय करावं?

उत्तर : भावाच्या नावानं जमीन घेऊ नका, हे आधी सांगतो. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं मिळाली तर ठेवता येते. शिवाय पैसे तुमचे आणि खरेदीखत एकट्या भावाचं, असा व्यवहार बेनामी ठरू शकतो. भावासाठी कायद्यात सूट आहे, पण कागदावर दोघं सहमालक असतील तरच, आणि तुमचं नाव आज लागू शकत नाही. २०१६च्या दुरुस्तीनंतर अशी मालमत्ता जप्त होते, एक ते सात वर्षांची सक्तमजुरीही आहे. पैसे भावाला बक्षीस दिले असं दाखवलं, तर जमीन खरोखरच त्याची होते. तुमचा भाऊ सरळ माणूस असेलच, पण उद्या वाटणी निघाली की तुमचा हिशेब कोणत्या कागदावर दाखवणार?

परत आल्यावर फेमाची अडचण संपते, आणि सातबाऱ्यावर तुमच्या घरचं नाव असल्यानं शेतकरी असल्याचा दाखलाही मिळेल. तेव्हाही दोन गोष्टी पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. पहिली, जुने फेरफार. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या), खिदमतमाश (सेवेच्या मोबदल्यात दिलेल्या) आणि देवस्थान इनामाच्या जमिनी पुष्कळ आहेत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन, असं दिसलं की विक्रीच्या परवानगीचा प्रश्न येतोच. दुसरी, विहिरीचं पाणी, आणि तेही मे महिन्यात. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत हिरवं शिवार पाहून ठरवलेला भाव मला कधीच पटत नाही.

आता दोन वर्षांचं. महिन्याला ६० हजार शिल्लक पडतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे १४-१५ लाख. ही रक्कम लहान नाही. पण तुमच्या पत्रात मला त्याहून मोठं वाटलं ते दुसरंच : तिथं तुम्ही चिलर, डक्टिंग आणि मोठ्या इमारतींची देखभाल शिकलात. जाताना तुम्ही फक्त फ्रीज दुरुस्त करत होता. बीड, संभाजीनगरमधली हॉस्पिटलं, मंगल कार्यालयं, शीतगृहं यांना हे काम जाणणारा माणूस हवा असतो. हे हुनर तिथं आणखी दोन वर्षं राहून फारसं वाढणार नाही, मुलगा मात्र आठ वर्षांचा होईल. माझं मत : परत या. २२ लाखांतले सहा-सात लाख हत्यारं, गाडी आणि पहिल्या वर्षाच्या घरखर्चासाठी बाजूला ठेवा. उरलेले वर्षभर एफडीतच राहू द्या.

फक्त जूनऐवजी मार्चअखेर या. जूनमध्ये आलात तर त्या आर्थिक वर्षात तुमचे भारतातले दिवस १८२च्या वर जातील आणि एप्रिलपासूनचा दुबईचा पगार, ग्रॅच्युइटी, सगळं इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागेल. परतलेल्या एनआरआयला दोन-तीन वर्षं सवलत असते, असं मित्र सांगतील. त्यासाठी मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ किंवा कमी दिवस राहिलेलं असावं लागतं, नाहीतर दहापैकी नऊ वर्षं अनिवासी. चार वर्षांत तुम्ही त्यात बसत नाही. सहा वर्षं राहिलात तर बसाल, पण ती सवलत परदेशी उत्पन्नाला असते, आणि परतल्यावर तुमचं तसं उत्पन्न उरणारच नाही.

बँकेला मात्र आल्याबरोबर कळवा. एनआरई खातं निवासी करून घ्यावं लागतं आणि परतल्या दिवसापासून त्या एफडीचं व्याज करपात्र होतं.

ग्रॅच्युइटी सोडू नका. तिथल्या कायद्यानं पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार मिळतो. चार वर्षांचे तुमचे ९,८०० दिरहम होतात. राजीनामा देतानाच हिशेब लेखी मागा.

आणि पत्नी, मुलगा, आई-वडील यांचा आरोग्य विमा तिकीट काढायच्या आधी घ्या. तुमचा कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपेल. नव्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, म्हणून वडिलांच्या साखरेसाठी तो काळ आत्तापासूनच सुरू झालेला बरा. फॉर्मवर ती साखर लपवू नका.