संयुग, मिश्रण की जोडऔषध? एका गोळीतल्या दोन औषधांना मराठीत काय म्हणावं

नांदेड जिल्ह्यात औषधांचं दुकान चालवणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. गिऱ्हाइकांच्या हातात द्यायला ते मराठीत एक पानी माहितीपत्रक तयार करताहेत. ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या दुखण्याच्या गोळीला, म्हणजे ज्याला डॉक्टर 'कॉम्बिनेशन ओपिऑइड पेनकिलर' म्हणतात तिला, त्यांनी 'अफूजन्य संयुग वेदनाशामक' असं नाव दिलंय. हे बरोबर आहे का, असं ते विचारतात.

तीनपैकी दोन शब्द बदलावेत, असं मला वाटतं. 'वेदनाशामक' राहू द्या. फक्त पहिल्यांदा येईल तिथं शेजारी 'दुखणं कमी करणारं' असं लिहा.

आधी 'संयुग' बघू. शाळेत आपण मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण शिकलो. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी झालं की दोघांचे मूळ गुण उरत नाहीत, ते संयुग. गोळीत असं काही होत नाही. चिवड्यात डाळं डाळंच राहतं आणि शेंगदाणे शेंगदाणेच, तसं ट्रामाडॉल ट्रामाडॉलच राहतं आणि पॅरासिटामॉल पॅरासिटामॉलच. पोटात गेल्यावर दोघं आपापलं काम करतात आणि दोघांची दिवसाची मर्यादाही वेगवेगळी असते. 'संयुग' वाचणाऱ्याला हे तिसरंच काहीतरी नवं औषध आहे असं वाटणार, आणि घोटाळा तिथंच होतो.

हा घोटाळा मी घरात पाहिलाय. परभणीकडं राहणाऱ्या माझ्या मावशीचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आली तेव्हा पिशवीत गोळ्यांचा एक पत्ता होता. घरात फडताळात आधीच्या कंबरदुखीचा दुसरा पत्ता पडलेला होता. नाव वेगळं, रंग वेगळा, कंपनी वेगळी. "ही हाडाची अन् ही कंबरेची," असा तिनं हिशोब लावला आणि दोन्ही सुरू केल्या. दोन दिवस ओकाऱ्या आणि डोळ्यांपुढं अंधारी. "लई गरगरायलंय रे," एवढंच म्हणायची. मी दोन्ही पत्ते खिडकीपाशी उजेडात धरून वाचले, तर दोन्हीवर तेच: ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. औषधाचं मूळ नाव कंपनीनं ठेवलेल्या नावापेक्षा ठळक छापायचा नियम २०१८ मध्ये आला, आणि त्याप्रमाणं ते ठळक छापलेलंही होतं. पण इंग्रजीत. मावशी पेपर रोज वाचते, तो मराठीत.

आता 'अफूजन्य'. 'ओपिऑइड' हा शब्द फोडला तर ग्रीक 'ओपोस' म्हणजे चीक, त्यावरून 'ओपिऑन' म्हणजे अफू. तोच शब्द अरबीत 'अफ्यून' झाला आणि फिरत फिरत आपल्याकडं 'अफू' म्हणून रुळला. शेवटचा '-ऑइड' म्हणजे 'च्यासारखा'. तेव्हा शब्दशः मराठी 'अफूसदृश' होतं. ट्रामाडॉल कारखान्यात बनतं, अफूच्या चिकातून काढत नाहीत, म्हणून त्याला 'अफूजन्य' म्हणणं चूक. कोडीन हे दुखण्यावरचं दुसरं औषध मात्र खरोखर अफूच्या चिकात असतं. १८३२ मध्ये फ्रान्समध्ये ते वेगळं काढलं आणि खसखशीच्या बोंडाला ग्रीकमध्ये 'कोडेया' म्हणतात त्यावरून त्याचं नाव पडलं. कापसाच्या बोंडांच्या मुलखात हे नाव समजावून सांगायला जड जाऊ नये. नैसर्गिक आणि कारखान्यातलं, दोन्ही एका शब्दात बसवायचं तर 'अफूवर्गीय' घ्या. 'अफूसदृश' जास्त काटेकोर आहे, पण कानाला परका लागतो.

अफूचं नाव वाचून लोक घाबरतील, ते गाळावं का, अशी शंका तुमच्या मनात येईल. गाळू नका. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे आणि फार दिवस घेतलं तर सवय लागू शकते. हे ज्याच्या पोटात जातं त्याला कळायला हवं. फक्त त्याच वाक्यात 'डॉक्टरांनी सांगितली तेवढीच आणि तेवढेच दिवस घ्या' असं लिहा, म्हणजे भीतीची जागा काळजी घेईल.

राहिला 'कॉम्बिनेशन'. औषधांना जगभर एकच नाव असावं म्हणून जागतिक आरोग्य संघटना नावं ठरवते, पण ती एकेका द्रव्याला. दोन द्रव्यांच्या जोडीला तिथं स्वतंत्र नाव मिळत नाही. ब्रिटननं यावर तोड काढली. कोडीन आणि पॅरासिटामॉलच्या गोळीला तिथं 'को-कोडामोल' म्हणतात. सुरुवातीचा 'को' जोडी असल्याची खूण, आणि पुढं ८/५००, १५/५०० किंवा ३०/५०० असे मिलिग्रॅमचे आकडे. आधी कोडीन, मग पॅरासिटामॉल. क्रम ठरलेला. मला ही पद्धत फार आवडते, विशेषतः आकडे. अमेरिकेत पॅरासिटामॉललाच 'असिटामिनोफेन' म्हणतात. 'पॅरा-असिटिल-अमिनो-फिनॉल' या एकाच लांबलचक रासायनिक नावातली अक्षरं दोघांनी वेगवेगळी उचलली, म्हणून एका औषधाची दोन नावं झाली. ज्याचा मुलगा तिकडून गोळ्या पाठवतो त्याला हे आवर्जून सांगा.

मराठीत मला आधी 'जोडगोळी' सुचला. गोड शब्द, सगळ्यांच्या ओळखीचा. मावशीला म्हणून दाखवला तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे दोन दोन घ्यायच्या का?" शब्द तिथंच सोडला. 'संयुक्त' वाचल्यावर लोकांना 'संयुक्त महाराष्ट्र' आठवतो आणि अर्थ लागतोही, पण एका गोळीत किती औषधं आहेत ते त्यातून कळत नाही. 'मिश्रण' म्हटलं की बाटलीतलं पातळ औषध डोळ्यांपुढं येतं. मी 'जोडऔषध' सुचवीन, आणि त्याखाली लगेच 'एका गोळीत दोन औषधं'. खरं तर ही दुसरी ओळच मोठ्या अक्षरांत वर छापली तरी चालेल.

मग पत्रकाचा वरचा भाग असा होईल:

'जोडऔषध: एका गोळीत दोन औषधं. ट्रामाडॉल ३७.५ (अफूवर्गीय) आणि पॅरासिटामॉल ३२५. ही गोळी चालू असताना तापाची किंवा सर्दीची दुसरी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, तिच्यातही पॅरासिटामॉल असू शकतं. घरात दुखण्याचा दुसरा पत्ता असेल तर दोन्ही घेऊन दुकानात या. गुंगी येते, तेव्हा गाडी चालवू नका. दारू घेऊ नका. आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना सांगा. फार दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका.'

पॅरासिटामॉलची मोठ्या माणसाची दिवसाची वरची मर्यादा साधारणपणे ४ ग्रॅम धरतात. अंगानं किरकोळ असलेल्या म्हाताऱ्या माणसांना, दारू पिणाऱ्यांना आणि लिव्हरचा त्रास असलेल्यांना ती त्याहून कमी. हा आकडा पत्रकात छापू नका. लोक तिथवर जायची मुभा समजतात.

एक शेवटचं, लिहिण्याबद्दल. 'ट्रामाडॉल', 'ट्रॅमॅडॉल', 'ट्रमाडोल' असं तिन्ही तऱ्हांनी लिहिलेलं मी पाहिलंय. उच्चारावरून वाद होत राहील, पण तुमच्या पत्रकात, पिशवीवर आणि बिलावर एकच लेखन ठेवा. मी 'ट्रामाडॉल' घेतलंय, कारण 'पॅरासिटामॉल'मधला 'टामॉल' आपल्याकडं आधीच रुळलाय आणि त्याच वळणानं हाही वाचता येतो. दोन्ही नावांचा शेवट सारखा ऐकू येतो, तेव्हा तोंडी सांगताना सुरुवातीवर जोर द्या.