चार दिवसांची माउंटन बाईक रेस आणि हातात सहा आठवडे: तयारी होईल का?

तुम्ही लिहिलंय की जोडीने करायच्या रेसमधला मित्राचा जोडीदार ऐनवेळी गळाला आणि त्याच्या जागी तुम्ही नाव दिलंत. रेस चार दिवसांची आहे, रोज साठेक किलोमीटर आणि दीड हजार मीटर चढ आहे, आणि सध्या तुमची मजल सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तासांची आहे. पूर्ण करता येईल का, असं विचारलंत. येईल. पण सहा आठवड्यांत काय कमावता येतं आणि काय नाही, हे आधी समजून घ्या.

वर्षानुवर्षं सायकल मारून जो दम येतो, तो इतक्यात येणार नाही. त्याच्यामागे धावू नका. पण नियमित सराव सुरू केला की रक्तातल्या द्रवाचं प्रमाण आठवड्या-दोन आठवड्यांत वाढतं, तेवढ्यानेही चढावर फरक जाणवतो. शिवाय अशा रेसमध्ये मी ज्यांना मध्येच थांबताना पाहिलंय, त्यांतले बरेचसे दम कमी पडला म्हणून थांबलेले नव्हते. कुणाचं बूड सोललं होतं, कुणाच्या पोटात काही टिकत नव्हतं, कुणाची सायकल मोडली होती. आणि पहिल्या दिवशी उधळलेले तर दरवेळी असतातच. या सगळ्यावर सहा आठवड्यांत भरपूर काम करता येतं. माझ्या मते तुमचा निम्मा वेळ यातच जायला हवा.

सरावाचा कणा एकच ठेवा: सलग दोन दिवस. शनिवारी चार तास केलेत तर रविवारी, पाय जड असतानाच, पुन्हा तीन तास जा. रविवारचे तीन तास शनिवारच्या चारांपेक्षा मोलाचे, कारण रेसचा दुसरा, तिसरा आणि चौथा दिवस तसाच असणार आहे. वेग बघू नका; बोलताना वाक्य पूर्ण करता येईल इतपत जोर लावा. आठवड्याच्या मधे एकदा चढावर आठ-दहा मिनिटांचे तीन-चार जोरकस टप्पे आणि एकदा तासाभराची हलकी फेरी, बस. दोन आठवडे असं वाढवत न्या, तिसऱ्या आठवड्यात थोडा आवर घाला आणि चौथ्याच्या शेवटी जमलं तर सलग तीन दिवस करा. शेवटचे दोन आठवडे तास साधारण निम्म्यावर आणा, पण मधले जोरकस टप्पे थोडक्यात चालू ठेवा, नाहीतर पाय सुस्तावतात. राहिलेला सराव शेवटच्या आठवड्यात भरून काढायचा मोह होईल. त्या आठवड्यात केलेल्या कष्टांचा रेसला उपयोग होत नाही, फक्त थकवा सोबत जातो.

आता खाणं. यावर मी जरा जास्तच बोलतो, कारण बहुदिवसीय रेस इथेच तरते किंवा बुडते. तासाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. नुसतं ग्लुकोज असेल तर आतडं तासाला जवळपास तेवढंच शोषू शकतं. सोबत फ्रुक्टोज (फळांतली साखर) असेल तर सरावाने 90 पर्यंत जाता येतं. तुम्ही आज अचानक 60 घेतलेत तर मळमळेल. आतड्यालाही सराव लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात तासाला 40 पासून सुरुवात करा आणि रेसमध्ये जे खाणार तेच सरावात खा. एनर्जी जेल, केळं, उकडलेला बटाटा, काय चालतं ते तुमचं तुम्हालाच कळेल. पहिला घास पहिल्या अर्ध्या तासातच गेला पाहिजे. खडबडीत उतारावर खिशात हात घालता येत नाही, त्यामुळे चढ जिथे सौम्य होतो ती जागा खाण्याची, हे डोक्यात पक्कं करा.

पाण्याचा अंदाज वजनावरून येतो. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर घाम भरून निघाला नाही असं समजा. बहुतेकांना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पुरतं, उन्हात जास्त लागतं. मीठ विसरू नका, पण नुसतं पाणी ढोसूही नका. रेस संपल्यावर वजन वाढलेलं असेल तर ते जास्त पाण्याचं लक्षण आहे, आणि रक्तातलं सोडियम फार खाली गेलं तर जिवावर बेतू शकतं.

रेषा ओलांडली की दुसऱ्या दिवसाची तयारी सुरू. पहिले चार तास दर तासाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे एक ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला तासाला सत्तरेक ग्रॅम, आणि सोबत 20-25 ग्रॅम प्रथिनं. भूक नसेल तर पातळ घ्या, पण घ्या.

बुडाबद्दल लोक संकोचाने बोलत नाहीत, मी स्पष्टच सांगतो. सायकलिंग शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. शॉर्टच्या पॅडला आणि त्वचेला घर्षण कमी करणारं क्रीम लावायचं. टप्पा संपल्यावर गप्पा मारत त्याच ओल्या शॉर्टमध्ये बसायचं नाही. लगेच धुऊन, कोरडं होऊन सैल कपडे घालायचे. चार दिवसांना चार शॉर्ट न्या. सीट बदलायची असेल तर याच आठवड्यात बदला.

हातांचंही तसंच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळव्याच्या कडेची नस दबतेय. हँडलवर हात ठेवून ब्रेक लिव्हर बघा: तर्जनीचं पहिलं पेर लिव्हरच्या टोकावर सहज पडायला हवं आणि मनगट मागे मोडलेलं नसावं. पडत नसेल तर क्लॅम्प (लिव्हर हँडलला धरणारी पकड) सैल करून लिव्हर आतल्या बाजूला सरकवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि लांब उतारावर पंजाचा बराच ताण त्याने जातो.

सायकल रेसच्या दोन आठवडे आधी दुकानात द्या, आदल्या दिवशी नको. चेन झिजली असेल तर ती तेव्हाच बदला, ब्रेक पॅड नवे घाला आणि जादा जोड सोबत ठेवा; चिखलात एका दिवसातही पॅड संपतात. टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) करून ताजं सीलंट, म्हणजे छोटी भोकं आपोआप बुजवणारा द्रव, भरा. बॅगेत प्लग (टायरचं मोठं भोक बुजवायची पट्टी), एक ट्यूब, पंप, चेन तोडायचं टूल, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि तुमच्याच सायकलच्या मॉडेलचा डिरेलर हँगर असू द्या. हा हँगर म्हणजे गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो अंगठ्याएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम कमजोर केलेला असतो आणि बऱ्याचदा मॉडेलप्रमाणे वेगळा. दगडाला डिरेलर घासून हँगर तुटलेला, डिरेलर चेनला लोंबतोय आणि पाय ठणठणीत असलेला माणूस ट्रेलच्या कडेला उभा, असं दृश्य मी पाहिलंय. हँगर बदलायचा सराव घरी एकदा करा.

वेदनाशामक गोळ्या खाऊन रेटू नका. आयबुप्रोफेनसारखी औषधं शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाला इजा करू शकतात. ताप असेल किंवा छातीत दुखत असेल तर सुरुवातच करू नका.

शेवटी जोडीदार. जोडीच्या रेसमध्ये बहुधा दोघांनी जवळ राहायचा नियम असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिकमध्ये तर दोघांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं की दंड. चढावर ज्याचा वेग कमी, त्याच्याच वेगाने दोघं जाणार. पहिल्या दिवशी पहिल्या चढाला सगळा घोळका अंगावरून जाईल, जाऊ द्या. बोलता येईल इतकाच जोर ठेवा. म्हणून मित्राला आजच फोन करा आणि या शनिवार-रविवारी दोघं एकत्र निघा. चढावर कोण पुढे, उतारावर कोण, भूक लागल्यावर कोण चिडचिडतं आणि कोण गप्प होतं, हे आत्ता कळलं तर जुळवून घ्यायला पाच आठवडे मिळतील.