टेलिग्रामवर मिळणाऱ्या बेटिंग आयडीकडे (म्हणजे सट्टा लावायच्या ऑनलाइन खात्याकडे) ‘परदेशी सरकारचं लायसन्स’ असेल तर ती भारतात चालते का?

नाही चालत. ५०० रुपयांत आयडी देणारा तुम्हाला कुरासावचं लायसन्स दाखवतोय. ते खोटंच असेल असंही नाही. कुरासाव हे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचं बेट. पूर्वी तिथे चौघांकडे मुख्य परवाने असत आणि ते पुढे पोटपरवाने वाटत. डिसेंबर २०२४ पासून नवा कायदा आहे, परवाना थेट तिथल्या प्राधिकरणाकडून घ्यावा लागतो. पण तो तिथला! इचलकरंजीत त्याची किंमत रद्दीच्या भावाची.

आपल्याकडे सट्टा-जुगार हा राज्यांचा विषय, म्हणून महाराष्ट्रात १८८७ चा कायदा अजून लागू आहे. ऑनलाइनसाठी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये वेगळा कायदा केला. पैसे लावून खेळायचे खेळ बंद, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं किंवा ५० लाख, नाहीतर दोन्ही. त्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि आयडी विकणारे नेमकं तेवढंच पाठ करून बसलेत.

मी बँकेत काउंटरला असतो. मागे आयपीएलच्या दिवसांत एक पोरगा आला, जेमतेम बावीसचा. ८,००० जिंकला होता, पण एटीएममधून रुपया निघेना. ते पैसे कुणा अनोळखी बाईच्या खात्यावरून आले होते. त्या खात्याविरुद्ध दुसऱ्या राज्यात सायबर फसवणुकीची तक्रार होती, त्यामुळे साखळीत पुढचं म्हणून याचंही खातं होल्डवर. पगार त्यातच. आयडीवाल्याला फोन लावला तर नंबर बंद.

परवान्यातला सट्टा बघायचा तर मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर बघा. १९१२ च्या कायद्याखाली रेसकोर्सला सरकारचा परवाना लागतो, बुकी रेस क्लबच्या नियमांत राहून उभे असतात, आणि वाद झालाच तर भांडायला क्लबचं ऑफिस समोर असतं. (तिथेही पैसे जातातच, तो भाग वेगळा.) टेलिग्रामवाल्याचं ऑफिस कुठे शोधणार?

पैसे आधीच टाकले असतील तर ‘विड्रॉल टॅक्स’ म्हणून आणखी मागतील, तो अजिबात देऊ नका. यूपीआयचा यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा क्रमांक) लिहून ठेवा, चॅटचे स्क्रीनशॉट काढा आणि आजच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा.