बारावीनंतर गॅप पडलाय, जर्मनीला शिकायला जाता येईल का?

सोलापूरच्या एका मुलाने विचारलंय. 2024 ला बारावी सायन्स झाली, त्याच सुमारास वडिलांचं ऑपरेशन निघालं. त्यामुळे कुठेच अ‍ॅडमिशन न घेता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला घरचा टॉवेलचा कारखाना सांभाळला. आता वय वीस, आणि जर्मनीत मेकॅनिकल करायचंय. ‘ताई, गॅपमुळे नाकारतील का? एजंट म्हणतो, एका आयटी कंपनीचं अनुभवाचं सर्टिफिकेट करून देतो, ते लाव.’ मी मूळची साखर पेठेतली, आता लाइपझिगला असते. उत्तर लांबणार आहे, पण सगळं सांगते.

आधी ते सर्टिफिकेट. अजिबात घेऊ नकोस. भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हिसाच्या आधी एपीएस या कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं प्रमाणपत्र काढावं लागतं. तुझी कागदपत्रं खरी आहेत का, हे पाहणं हेच त्यांचं काम. फी 18,000 रुपये. अशा ठिकाणी एक खोटा कागद सापडला, तर बाकीचे खरे कागदही संशयात येतात. आणि बॅचलर्सच्या प्रवेशाला आयटी कंपनीचा अनुभव मागतंय कोण?

गॅपचं म्हणशील, तर आपल्याकडे एफवायला अ‍ॅडमिशन घेताना गॅपचं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं, त्यामुळे गॅप म्हणजे काहीतरी गुन्हा असं मुलांच्या मनात बसतं. जर्मनीत शाळेनंतर एक वर्ष स्वयंसेवेचं काम करणं किंवा नोकरी करणं ही सर्रास गोष्ट आहे. त्यांना सीव्हीत मधले महिने कोरे नको असतात, इतकंच. म्हणून सरळ लिही: जून 2024 पासून घरचा कापड कारखाना, वडिलांच्या आजारपणामुळे. खाली कामं लिही. सुताची खरेदी, कामगारांचे पगार, जीएसटीची बिलं, आणि लूम बंद पडल्यावर फिटरबरोबर तू काय काय केलंस ते. हे शेवटचं नीट लिही. मेकॅनिकलच्या बऱ्याच कोर्सना वर्कशॉपमधली काही आठवड्यांची प्रॅक्टिकल ट्रेनिंग लागते, काही ठिकाणी तर प्रवेशाआधीच. तुझं काम त्यात धरतील का, हे त्या त्या विद्यापीठाला मेल करून विचार. व्हिसाच्या पत्रात गॅपला दोन वाक्यं पुरेत. बाबांच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत जवळ ठेव.

खरी अडचण वेगळीच आहे. नुसत्या बारावीवर तिथल्या विद्यापीठात सहसा थेट प्रवेश मिळत नाही. वाटा तीन. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असणं, भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच शाखेचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करणं, किंवा तिथे जाऊन श्टुडियनकोलेग करणं. श्टुडियनकोलेग म्हणजे दोन सेमिस्टरचा पूर्वतयारीचा कोर्स. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी टी-कोर्स असतो, त्यात गणित, फिजिक्स आणि जर्मन यांवर भर. सरकारी कोलेगला शिकवणीची फी नाही, खाजगीला भरपूर आहे. मला विचारशील तर तिसरी वाट घे. एक वर्ष जास्त जातं खरं, पण तिथल्या लेक्चरची भाषा कानात बसते. थेट पहिल्या वर्षाला बसलेली हुशार मुलंसुद्धा भाषेपायी मागे पडताना मी पाहिली आहेत.

कोलेगची प्रवेश परीक्षा असते, साधारण बी1-बी2, म्हणजे मधल्या पातळीच्या जर्मनची आणि गणिताची. जर्मनच्या पेपरला बहुतेक सी-टेस्ट असते. एक छोटा उतारा, पहिलं वाक्य पूर्ण, आणि मग दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग गायब. तो आपण भरायचा. नुसता शब्द ओळखून भागत नाही, शेवटचा प्रत्ययही बरोबर यावा लागतो, कारण जर्मनचं सगळं व्याकरण त्या शेपटातच असतं. यासाठी पाठांतर उपयोगी नाही, रोजचं वाचन हवं. घरी तेलुगू, बाहेर मराठी, बाजारात कन्नड असं वाढलेल्या सोलापूरच्या पोरांना नवी भाषा जड जात नाही, हे मी मनापासून सांगते. गणित मात्र तुझं गंजलं असणार. बारावीचं कॅल्क्युलस आणि त्रिकोणमिती पुन्हा काढ, कॅल्क्युलेटरशिवाय.

बी1 ची परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात देता येईल. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघालं की पुणं गाठता येतं, पण क्लाससाठी रोज जाणं शक्य नाही, तेव्हा ऑनलाइन शीक आणि परीक्षेलाच जा. हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी 15 जुलै असते, काही ठिकाणी आधी. अर्ज बहुतेक युनि-असिस्ट या परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातो. पहिल्या अर्जाला 75 युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला 30.

आता पैसा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. युरो शंभर रुपये धरला तरी बारा लाखांच्या घरात जातं. हे पैसे तुझेच, दरमहा 992 युरो हातात येतात, पण आधी एकरकमी उभे करावे लागतात. सरकारी विद्यापीठात सहसा ट्यूशन फी नाही, सेमिस्टरची वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्याला सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं. पण पहिल्या वर्षाचा हिशेब कमाईवर मांडू नकोस, कोलेगचे वर्गच दिवस खातात.

बाबांची तब्येत अजून पूर्ण सुधारली नाही असं तू लिहिलंयस. मग घाई कशाला? भाषेला तसंही वर्ष लागणार. तेवढ्यात कारखान्याचा हिशेब कोण बघणार हे घरात बसून ठरवा, आणि ते तुझ्या तोंडून आधी बाबांना कळू दे. एजंटला पैसे देण्याआधी बारावीचं मार्कशीट काढ आणि विषय बघ. दुसऱ्या भाषेऐवजी आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलं असशील, तर परदेशी शिक्षणाच्या मान्यतेची जी जर्मन सरकारची अनाबिन यादी आहे, तिच्यात ते चालतं का ते तपास. काय निघालं ते मला कळव, मग कुठल्या कोलेगला अर्ज टाकायचा ते बघू.