दुसऱ्यांदा लवकर ट्रिप झालेला मोटर प्रोटेक्शन रिले खराब असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ६.६ केव्ही, ५०० किलोवॅटची पंप मोटर, फुल लोड ५३ अँपिअर, सीटी (मोटरचा करंट रिलेसाठी लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर) ७५/१. न्यूमेरिकल (मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या) रिलेत थर्मल टाइम कॉन्स्टंट (मोटर किती सावकाश तापते ते सांगणारा आकडा) २० मिनिटे आणि ओव्हरलोडची मर्यादा फुल लोडच्या १.०५ पट. थ्री फेज इंजेक्शन किटने (रिलेला टेस्टचा करंट देणाऱ्या यंत्राने) फुल लोडच्या दुप्पट करंट दिल्यावर पहिल्यांदा ३८५ सेकंदांनी ट्रिप आला. दहा मिनिटांनी तीच टेस्ट घेतली तर १६५ सेकंदांत आला, तिसऱ्यांदाही तेवढ्याच वेळात. रिले बदलावा का, आणि पूर्ण टेस्टिंग कसे करावे?

रिले बदलू नका. तिन्ही वेळा बरोबर आहेत.

थर्मल एलिमेंट (रिलेतले ओव्हरलोडचे संरक्षण) म्हणजे साधा टायमर नव्हे. मोटर किती तापली आहे याचा हिशेब तो सतत ठेवतो आणि हिशेब १०० टक्क्यांवर गेला की ट्रिप देतो. तुम्ही करंट बंद केला तरी तो आकडा लगेच शून्य होत नाही, हळूहळू उतरतो. गणित करून पाहा. दिलेला करंट मर्यादेच्या किती पट आहे ते काढा: २ भागिले १.०५ म्हणजे १.९०५, त्याचा वर्ग ३.६३. या वर्गातून आधीची उष्णता वजा करा (१०० टक्के म्हणजे १ असे धरून), त्याला 'वर्ग वजा १' ने भागा, आलेल्या संख्येचा नॅचरल लॉग घ्या आणि १२०० सेकंदांनी गुणा. थंड रिलेला उत्तर येते ३८७ सेकंद. ट्रिपनंतर दहा मिनिटांत, २० मिनिटांच्या टाइम कॉन्स्टंटने, हिशेब १०० वरून ६१ टक्क्यांवर येतो. त्या ६१ टक्क्यांपासून सुरुवात केली की उत्तर १६७ सेकंद. तुमचे आकडे याला अगदी चिकटून आहेत.

म्हणून थर्मलच्या प्रत्येक टेस्टआधी मेनूतून थर्मल स्टेट शून्य करा आणि डिस्प्लेवर ० टक्के दिसते का ते बघून मगच करंट सोडा. थंड रिलेला तिप्पट करंटला १५७ सेकंद आणि सहापटीला ३७ सेकंद यायला हवेत. एक गरम टेस्टही घ्याच. फुल लोड करंट बराच वेळ देऊन हिशेब ९१ टक्क्यांच्या आसपास स्थिर होऊ द्या, किंवा रिलेत सोय असेल तर तो आकडा थेट भरा, आणि मग दुप्पट करंट द्या. ट्रिप ४२ सेकंदांत यायला हवा. ३८७ आणि ४२ हा फरक पाहून पुष्कळ जण रिलेवर संशय घेतात.

तुमच्या आकड्यांतून मात्र एक वेगळी गोष्ट दिसते. थंड होण्याचा टाइम कॉन्स्टंटही २० मिनिटांचाच ठेवलेला आहे. थांबलेल्या मोटरचा शाफ्टवरचा पंखा फिरत नाही, त्यामुळे ती चालू असतानापेक्षा सावकाश थंड होते. हा आकडा सहसा तापण्याच्या टाइम कॉन्स्टंटच्या दोन ते चार पट ठेवतात. तो ६० मिनिटे असता तर तुमची दुसरी वेळ ६८ सेकंद आली असती. मोटर बनवणाऱ्याच्या डेटाशीटशी हे ताडून पाहा. रिले ठीक आहे, पण सेटिंग ठीक आहे असे मी म्हणणार नाही.

आता पूर्ण टेस्टिंग. मोटर आयसोलेट करून ब्रेकर टेस्ट पोझिशनला आणा. टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर आधी सीटीकडची बाजू शॉर्ट करा, रिलेवर करंट शून्य दिसतो हे पाहा, नंतरच रिलेकडची लिंक उघडा. क्रम उलटा झाला आणि सीटीतून करंट वाहत असला तर सीटीच्या उघड्या सेकंडरीवर (रिलेकडच्या वाइंडिंगवर) जीवघेणे व्होल्टेज येते. मोटर बंद असली तरी हात याच क्रमाने चालले पाहिजेत. ८६ कडे (ब्रेकर पाडून तो पुन्हा लागू न देणाऱ्या लॉकआउट रिलेकडे) आणि कंट्रोल रूमकडे जाणाऱ्या ट्रिपच्या लिंक तूर्त उघड्या ठेवा. मूळ सेटिंगची फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या.

पहिली टेस्ट मीटरिंगची. तिन्ही फेजला ०.७०७ अँपिअर द्या, डिस्प्लेवर ५३ दिसायला हवेत. १०.६ दिसले तर वायर १ अँपिअरच्या जागी ५ अँपिअरच्या टर्मिनलवर आहे. हे न बघता पुढे गेलात तर पुढचे सगळे आकडे पाचपट चुकतील.

यानंतर एका वेळी एकच एलिमेंट चालू ठेवा. सहापट करंटला थर्मल तपासताना लॉक्ड रोटरचे एलिमेंट (मोटर अडकून फिरेनाशी झाली तर ट्रिप देणारे) बंद नसेल तर तो आधी ट्रिप देईल आणि तुम्ही त्याची वेळ थर्मलच्या रकान्यात लिहाल. रिपोर्ट लिहिताना घड्याळापेक्षा इव्हेंट लॉगवर विश्वास ठेवा. कोणत्या एलिमेंटने ट्रिप दिला ते तिथेच कळते.

लॉक्ड रोटरची वेळ मोटर सुरू व्हायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त आणि गरम मोटर अडकून राहू शकेल त्या वेळेपेक्षा कमी हवी. सुरू व्हायला कमी व्होल्टेजवर ८ सेकंद लागत असतील आणि गरम स्टॉल टाइम १२ असेल, तर सेटिंग १० च्या आसपास. टेस्टसाठी शून्यावरून थेट ४.२४ अँपिअरवर उडी मारा. करंट हळूहळू चढवला तर रिले त्याला स्टार्ट मानतच नाही. काही रिले ब्रेकरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्टही बघतात, तो इनपुट उघडा असेल तर त्यांच्या लेखी मोटर बंदच असते.

शॉर्ट सर्किट एलिमेंट फुल लोडच्या आठपट असेल तर सेकंडरीत ५.६६ अँपिअर. रेंगाळत करंट चढवू नका, छोटे पल्स देत वर जा, नाहीतर रिलेचा इनपुट विनाकारण तापतो. फीडरला ब्रेकरऐवजी व्हॅक्यूम कॉन्टॅक्टर आणि फ्यूज असेल तर हे एलिमेंट बंद किंवा उशिराचे असले पाहिजे. मोठा फॉल्ट तोडणे फ्यूजचे काम आहे, कॉन्टॅक्टरला ते झेपत नाही.

अनबॅलन्ससाठी किटवर दोन फेज अदलाबदल करा, मग सगळा करंट निगेटिव्ह सीक्वेन्स (उलट्या फेज क्रमाचा भाग, रिले अनबॅलन्स यावरूनच ओळखतो) होतो. खऱ्या सिंगल फेजिंगची नक्कल हवी असेल तर एक फेज शून्य ठेवा आणि उरलेल्या दोन फेजमध्ये सारखा करंट १८० अंशांच्या फरकाने द्या. नुसता एक फेज शून्य करून बाकीचे १२० अंशांवर ठेवले तर मोटरमध्ये प्रत्यक्षात घडते ते होत नाही. सिंगल फेज किट वापरणाऱ्यांची फसगत इथेच होते. एकाच फेजला करंट दिला की पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह सीक्वेन्स दोन्ही एक तृतीयांश होतात, म्हणून अनबॅलन्स ताबडतोब ट्रिप देतो आणि थर्मलची वेळही वर दिलेल्या गणिताशी जुळत नाही.

अर्थ फॉल्टला फक्त सेकंडरी इंजेक्शनवर (थेट रिलेला करंट देण्यावर) समाधान मानू नका. कोअर बॅलन्स सीटीतून (तिन्ही फेजची केबल एकत्र जिच्यातून जाते ती सीटी) वायरचे पाच वेढे घ्या आणि १ अँपिअर सोडा. सीटीला ते ५ अँपिअरच वाटतात, तेव्हा ५ अँपिअरचे सेटिंग इथेच उचलले पाहिजे. त्याच वेळी केबल पाहा. केबलचा स्क्रीन सीटीतून वर येऊन अर्थ केला असेल तर ती अर्थची वायर सीटीतून परत खाली न्यायची असते. तशी नेली नाही तर फॉल्टचा करंट स्क्रीनमधून परत जातो आणि सीटीला काहीच कळत नाही. रिले कितीही चांगला असला तरी तिथे तो आंधळाच.

आरटीडी (मोटरमधले तापमानाचे सेन्सर) पीटी १०० प्रकारचे असतील तर रेझिस्टन्स बॉक्स लावा: १०० अंशांना १३८.५ ओहम, १३० अंशांना १४९.८. आकडा काही अंश जास्त दाखवत असेल तर तिसरी वायर नीट जोडलेली नाही. अंडरकरंट आणि तासाला किती स्टार्ट यांचे काम दहा मिनिटांचे आहे, पण रीस्टार्ट रोखणारा कॉन्टॅक्ट खरोखर क्लोजिंग सर्किट तोडतो का ते बघा.

आता ट्रिपच्या लिंक लावा आणि एकदा रिलेकडून ८६ मार्गे ब्रेकर प्रत्यक्ष पाडा. ट्रिप कॉइल ७० टक्के व्होल्टेजला, म्हणजे ११० व्होल्ट डीसीवर ७७ व्होल्टला, चालली पाहिजे. रिले टेस्टिंगचे उत्तम रिपोर्ट आणि न पडणारा ब्रेकर एकाच पॅनेलमध्ये असू शकतात.

शेवटी मूळ सेटिंग परत लोड करून फाइलशी ताडा, थर्मल आणि स्टार्टचा काउंटर शून्य करा, आधी रिलेकडच्या लिंक बंद करा आणि मगच शॉर्टिंग काढा. मोटर पहिल्यांदा चालवताना निगेटिव्ह सीक्वेन्सवर नजर ठेवा. करंट तिन्ही फेजला सारखे असताना तो फेज करंटच्या ६७ टक्के दिसला तर एका सीटीची पोलॅरिटी उलटी आहे. १०० टक्के दिसला तर रिलेतला फेज क्रम सप्लायशी जुळत नाही, आणि तुमच्या इंजेक्शन किटने ही चूक कधीच पकडली नसती, कारण किटचा क्रम तुम्हीच रिलेला जुळेल असा लावलेला असतो.