दुसरी ओळ

प्रिय मुली,

परवा संध्याकाळी तू पाठवलेला चार पानांचा बर्थ प्लॅन, म्हणजे बाळंतपण कसे व्हावे याच्या तुझ्या इच्छांचा कागद, मी वाचला, आणि त्याच रात्री उशिरा आलेला तुझा तीन ओळींचा निरोपही वाचला. प्लॅनमध्ये एकतीस इच्छा होत्या. निरोपात लिहिले होते की असले कागद लिहिणाऱ्यांचेच शेवटी सिझेरियन होते असे मैत्रीण म्हणते, तेव्हा हे सगळे फाडून टाकावे आणि डॉक्टर म्हणतील तसे करावे. मला दोन्ही मान्य नाही. कागद फाडू नकोस. मात्र चार पाने कोणी वाचणार नाही; ऐन कळांच्या वेळी पाळी बदलून आलेली परिचारिका फार तर एक पान वाचेल, आणि तेही उभ्याउभ्या.

लांबीपेक्षा मोठी उणीव निराळी आहे. ‘एपिड्यूरल नको’, ‘कळा आणण्याचे औषध नको’, ‘टाके नकोत’, ‘बाळ लगेच माझ्या छातीवर हवे’ या सगळ्या पहिल्या ओळी आहेत (एपिड्यूरल म्हणजे कळांच्या वेदना कमी करण्यासाठी पाठीतून दिलेले भुलीचे औषध). तसे झाले नाही तर काय करायचे, ही दुसरी ओळ तुझ्या चार पानांत एकदाही आलेली नाही. आणि माझे गेल्या पंचवीस वर्षांचे म्हणणे एवढेच आहे की जिच्याखाली दुसरी ओळ नाही, ती पहिली ओळ लिहूच नये.

हे मी गरोदर बायकांच्या वर्गात शिकवत आले असले तरी वर्गात शिकलेले नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणासाठी मीही तीन पाने लिहिली होती. खोलीत उजेड किती असावा, कोणते संगीत लावावे, नाळ कोणी कापावी, सारे काही त्यात होते. अठरा तास कळा सोसल्यावर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू लागले आणि अर्ध्या तासाच्या आत मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. मुलगी जन्मली, पण नीट श्वास घेईना, म्हणून तिला तातडीने एनआयसीयूमध्ये, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नेले. तेव्हा माझा नवरा दारापाशी उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा तिला नेणाऱ्या परिचारिकेकडे पाहिले, आणि तो माझ्याजवळ थांबला. पहिले चार तास माझ्या मुलीजवळ तिच्या ओळखीचा एकही आवाज नव्हता. ती आज धडधाकट आहे, आणि तिला त्यातले काही आठवण्याचे कारण नाही; पण ‘तू तिच्यामागे का गेला नाहीस’ हा प्रश्न मी त्याला किती वर्षे आणि किती वाईट रीतीने विचारला, ते मला आठवते. त्याची चूक नव्हती. संगीतावर अर्धे पान खर्च करणाऱ्या मी ‘बाळाला वेगळे न्यावे लागले तर तू बाळाबरोबर जा, माझ्याजवळ माझी बहीण थांबेल’ एवढे एक वाक्य लिहिले नव्हते.

म्हणून तुझ्या कागदावर सर्वांत वर हेच वाक्य असू दे. सोबत कोण थांबणार आणि तिला किंवा त्याला जावे लागले तर तिची जागा कोण घेणार, हे नावानिशी लिही. प्रसूतीच्या काळात आपल्या पसंतीची व्यक्ती सतत सोबत असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ सालची शिफारस आहे. २०१७ साली २६ अभ्यास आणि पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही सततची सोबत मिळालेल्या स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती होण्याचे प्रमाण अधिक दिसले. ही सोबत शस्त्रक्रियागृहात चालते का, हे मात्र तुझ्या रुग्णालयाला आजच विचार. चालत नसेल, तर ते कळांच्या मध्येच कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

आता तुझ्या ‘नको’च्या यादीविषयी. बर्थ प्लॅनची कल्पना रुजली ती १९८०च्या सुमारास, अमेरिकेत, पेनी सिम्किन आणि कार्ला रिंकी यांच्या लेखनातून. त्या काळी केस काढणे, एनिमा देणे, योनिमार्गाला छेद घेणे हे सरसकट, न विचारता चाले, त्यामुळे तेव्हाच्या कागदांत ‘नको’ भरपूर असणे साहजिक होते. तू कुठून तरी उतरवून घेतलेल्या यादीत तेच ‘नको’ वारसाहक्काने आले आहेत. आज जागतिक आरोग्य संघटनाच यातले काहीही सरसकट करू नये असे सांगते. तुझ्या रुग्णालयात ते होते का, एवढे विचार. होत नसेल तर त्या ओळी सरळ खोडून टाक. जे कोणी करणारच नाही, ते करू नका असे बजावून समोरच्या माणसाला पहिल्या भेटीतच चिडवण्यात काय मिळते? आणि होत असेल, तर छेदाच्या ओळीखाली लिही: बाळाला तातडीने बाहेर काढण्यासाठी गरज पडलीच, तर आधी मला सांगा आणि ती जागा बधिर करूनच छेद घ्या.

एपिड्यूरलबाबत तू सर्वांत ठाम आहेस आणि माझी सर्वांत जास्त चिडचिड तिथेच झाली. वेदना अजून भेटलेली नसताना तिच्याशी करार करू नये. आधी काय करून पाहायचे आहे ते लिही: चालणे, कोमट पाणी, पाठ चोळून घेणे, हवी ती स्थिती घेणे. त्याखाली लिही की मी एपिड्यूरल मागितली तर आधीच्या ‘नको’ची मला आठवण करून देऊ नका, वाद घालू नका, भूलतज्ज्ञांना बोलवा. आणि ते रात्री दोन वाजता उपलब्ध असतात का, हे आधी विचारून ठेव. मागणारी बाई हरत नाही. हे वाक्य मी स्वतःला फार उशिरा सांगितले.

‘मला वेळ द्या, घाई करू नका’ असे तू लिहिले आहेस. किती वेळ? दर तासाला गर्भाशयाचे तोंड एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, या जुन्या मापावर आता भिस्त ठेवली जात नाही, कारण कित्येक स्त्रियांसाठी ते अवास्तव ठरते. पाच सेंटिमीटरपासून प्रसूतीचा सक्रिय टप्पा मोजतात आणि पहिल्या खेपेला तो सहसा बारा तासांपलीकडे जात नाही. म्हणून पहिली ओळ अशी लिही: मी आणि बाळ ठीक असू तोवर थांबावे. दुसरी ओळ: थांबणे योग्य नसेल तेव्हा कारण काय, दुसरा पर्याय कोणता आणि ठरवायला किती वेळ आहे, हे सोबतच्या माणसाला सांगावे. ‘डॉक्टर म्हणतील तसे’ हा मार्ग तुला सोपा वाटतो आहे, पण संमतीच्या कागदावर सही तुझीच लागणार आहे, आणि न विचारता केलेल्या सहीचा सल मागे राहतो. अर्थात रक्तस्राव चालू असताना चर्चा करत बसावे असे मी म्हणत नाही. ‘किती वेळ आहे’ याचे उत्तर ‘अजिबात नाही’ असे आले, की तिथे प्रश्न संपले.

नाळेचे आणि छातीशी धरण्याचे तू नीट लिहिले आहेस. नाळ निदान एक मिनिट कापू नये आणि पहिला तास बाळ आईच्या उघड्या त्वचेशी असावे, हे वैद्यकातही आता मान्य आहे. एक आणि पाच मिनिटांची अपगार तपासणी, म्हणजे बाळाचा श्वास, ठोके, रंग वगैरे पाहून गुण देणे, हीसुद्धा बाळ तिथेच असताना करता येते. पण बाळाला श्वासासाठी मदत लागली तर नाळ लगेच कापावी लागू शकते, आणि तू त्या अवस्थेत नसशील तर बाळ वडिलांच्या छातीवर ठेवता येते. लिही ना तसे! दोन वाक्यांचे काम आहे.

लोक म्हणतात, मी गरोदर बायकांना घाबरवते. एका सहकारी बाईंनी मला तोंडावर सांगितले की माझ्याच दुखण्याचे पीक मी दुसऱ्यांच्या शेतात काढते. असेल. पण काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक अतिशय आनंदी मुलगी होती, आणि तिचा आनंद मोडू नये म्हणून मी तिला दुसऱ्या ओळी लिहायला लावल्या नाहीत. सदतिसाव्या आठवड्यात बाळ पायाळू असल्याचे दिसले, सिझेरियन ठरले, आणि ती वर्गाला यायची थांबली. आता आपल्याला ठरवण्यासारखे काही उरलेच नाही, असे तिला वाटले. वास्तविक पाठीत भूल देऊन जागे राहता येते, जन्माच्या क्षणी पडदा खाली घ्यायला सांगता येते, बाळाला टेबलावरच जवळ घेता येते का हे विचारता येते. सिझेरियनचाही प्लॅन असतो हे तिला सांगणे माझे काम होते आणि मी ते गोडव्यापोटी टाळले. तेव्हापासून मी कोणाशी गोड वागत नाही, आणि तुझ्याशीही वागणार नाही.

एक पान कर. वर तुझा रक्तगट, ॲलर्जी आणि सोबतच्या माणसांचे फोन क्रमांक लिही. पहिल्या ओळी तू लिही. दुसऱ्या ओळी तुझ्या नवऱ्याला त्याच्या हाताने लिहू दे, कारण वेळ आली तर त्या बोलून दाखवायच्या आहेत त्यालाच. छत्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीला हे पान घेऊन जा, डॉक्टरांसमोर बसून वाच, आणि त्यांनी ‘हे इथे होत नाही’ म्हटलेले तिथल्या तिथे बदल. संगीताची ओळ हवी तर राहू दे, तिला दुसरी ओळ लागत नाही.

त्या तपासणीआधी कागद मला दाखव. एकतिसातले काय काय खोडलेस याचा हिशेब मला नको. जे उरेल त्याच्याखाली तुझ्या नवऱ्याने काय लिहिले आहे, ते मला वाचायचे आहे.

तुझी,
मावशी